मौद्याचा विद्यार्थी, सदरची शाळा

नागपूरच्या सदर भागातली सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही मुलग्यांची शाळा 1870 मध्ये सुरू झाली. नागपूरकर तिला एसएफएस म्हणतात. मध्य प्रांत स्थापन होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती, मुंबईकडून येणारी रेल्वे 1867 मध्ये नागपुरात पोहोचली होती आणि कामठीची छावणी पन्नाशीला टेकली होती. छावणीतली फौज मद्रासची होती. तिच्यात तमिळ आणि तेलुगू बोलणारे कॅथलिक शिपाई होते. त्यांच्या उपासनेची आणि मुलाबाळांची सोय पाहायला धर्मगुरू आले ते आल्प्सच्या पायथ्याच्या सॅव्हॉय प्रांतातून. पीटर मारी मेर्मिए यांनी 1838 मध्ये आन्सी येथे स्थापलेल्या मिशनरी संघाचे हे लोक 1846 मध्ये विशाखापट्टणला उतरले. त्यांच्या हाती सोपवलेला मुलूख इतका अवाढव्य होता की नागपूर त्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला पडे. नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला 1887 मध्ये आणि महाधर्मप्रांत 1953 मध्ये. म्हणजे इथे शाळा आधी उभी राहिली आणि बिशपची गादी सतरा वर्षांनी आली. या शाळेचा स्वभाव समजून घ्यायचा तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट पैशाची. 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. अट अशी की सरकारी तपासनीस लौकिक विषयांची परीक्षा घेईल आणि धर्मशिक्षणात हात घालणार नाही. तेव्हापासून मिशनच्या शाळा दोघांना उत्तरदायी राहिल्या : वरून धर्मसत्तेला, बाजूने शिक्षणखात्याला. गणित, भूगोल आणि भाषा खात्याच्या पुस्तकातून. सकाळची प्रार्थना आणि रविवारची मिस्सा चर्चच्या परंपरेतून.

मौदा हे नागपूर–भंडारा रस्त्यावरचे, कन्हान नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. नागपूरपासून सुमारे 35 किलोमीटर. शेती आणि बाजारपेठ यांवर चालणाऱ्या या गावाचे अर्थकारण एनटीपीसीच्या 2320 मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाने बदलले. पगारदार घरे वाढली आणि मुलांना नागपूरच्या मिशनच्या शाळेत घालण्याची धडपडही वाढली. ही धडपड होताना घरोघरी जो वाद झडतो, तो इथे दोघांच्या तोंडी दिला आहे. गुरुजी म्हणजे मौद्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आणि फादर म्हणजे कॅथलिक शाळांत हयात घालवलेले धर्मगुरू. हे दोघे कोणी विशिष्ट इसम नव्हेत. जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या दोन भूमिका त्यांच्या मुखाने बोलतात.

गुरुजी : फादर, मुद्द्याचंच विचारतो. आमच्या गावचं पोरगं उजाडायच्या आत उठतं, व्हॅनमध्ये पेंगत कन्हानचा पूल ओलांडतं, पारडी नाक्यावरच्या गर्दीतून सदरला पोचतं. पोचल्यावर पहिलं काम काय, तर प्रार्थना. ती त्याच्या घरची नाही. त्याच्या बापाला पाहिजे इंग्रजी आणि गणित. मग प्रार्थना काहून?

फादर : कारण शाळा त्या प्रार्थनेतून जन्मली, गुरुजी. ज्या माणसांनी ती काढली ती घरदार सोडून आली होती. पगारासाठी कोणी सॅव्हॉयहून नागपूरच्या उन्हात येत नाही. त्यांची श्रद्धा काढून घेतली तर उरते ती इमारत. आम्ही मुलाला ख्रिस्ती हो म्हणत नाही. दिवसाची सुरुवात गंभीरपणे कर, एवढंच सांगतो.

या सुरुवातीकडे जवळून पाहिले पाहिजे. घंटा होते, वर्गवार रांगा लागतात, उंचीने लहान मुलगा पुढे. माइकवर एक विद्यार्थी क्रुसाची खूण करतो. रांगेतले कॅथलिक मुलगेही कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवतात. बाकीचे हात जोडून उभे राहतात. पहिलीत नवा आलेला मुलगा शेजाऱ्याकडे पाहून खूण करायला जातो आणि अर्ध्यात थांबतो, कारण हे आपले आहे की नाही हे त्याला ठरवता येत नाही. मग बायबलमधला छोटा उतारा किंवा एखादा सुविचार, बातम्या, राष्ट्रगीत. दहा-पंधरा मिनिटांत सारे संपते. पुढे वेळापत्रकात एक तास असा येतो की वर्ग दुभंगतो. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि उरलेल्यांचा ‘मॉरल सायन्स’चा तास होतो. एकाच बाकावरचे दोघे मित्र त्या तासापुरते वेगळ्या खोल्यांत बसतात. कॅथलिक शाळांतली ही जुनी पद्धत आहे आणि ती प्रामाणिक आहे. एकाचा धर्म दुसऱ्याच्या माथी मारायचा नाही, हे तिने वेळापत्रकातच लिहून ठेवले आहे.

गुरुजी : तासाबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार रांगेबद्दल आहे. संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड तुम्हाला पाठ असेल.

फादर : आहे. सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत, विद्यार्थ्याच्या किंवा तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, त्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नुसती मान्यता असली तरी हा खंड लागू होतो, अनुदान नसलं तरी.

गुरुजी : मग संमती कुठं घेता? प्रवेशाच्या अर्जावर बाप सही करतो ती फीच्या कागदावर. पोराला प्रार्थनेतून वगळा म्हणायची त्याची छाती होत नाही. प्रवेश मिळाला हेच त्याला उपकारासारखं वाटतं.

फादर : तुमचं म्हणणं मला पटतं, पण ते फक्त आमच्यावर लादू नका. नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, त्याची वेतनवाढ अडली, आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ही सक्ती करता येत नाही. ती शाळा मिशनची नव्हती. महाराष्ट्रातल्या किती शाळांत सकाळी देवाचं नाव न घेता दिवस सुरू होतो?

गुरुजी : फार थोड्या. माझ्या शाळेतही प्रार्थना होती, हे कबूल. पण ख्रिस्ती मुलांच्या बाबतीत न्यायालयानं काय म्हटलं तेही आठवा. केरळातली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प उभं राहण्याचा जो हक्क त्या लेकरांना मिळाला, तो मौद्याच्या लेकराला तुमच्या अंगणात मिळतो का, एवढाच माझा प्रश्न.

हा प्रश्न नागपूर जिल्ह्यात इतर ठिकाणांपेक्षा जास्त टोकदार होतो, आणि त्याचे कारण हिंदू–ख्रिस्ती अशा जोडीत सापडत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. बौद्ध घरातला मुलगा आजही या शाळांच्या रांगेत मोठ्या संख्येने उभा असतो आणि त्याच्या घरी जगन्नियंत्या ईश्वराची कल्पनाच मानली जात नाही. ‘सर्वधर्म प्रार्थना’ हा उपाय हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलांना सामावून घेतो. या मुलाला तोही बाहेर ठेवतो. दुसरीकडे मौदा हे परमात्मा एक सेवक मंडळाचे महत्त्वाचे केंद्र आहे. महानत्यागी बाबा जुमदेवजी (1921–1996) यांनी सांगितलेल्या मानवधर्मात मूर्तिपूजा नाही, एकच निराकार परमात्मा आहे, आणि दारूसह सगळी व्यसने वर्ज्य आहेत. चार तत्त्वे, तीन शब्द आणि पाच नियम यांवर चालणारी अशी हजारो सेवक कुटुंबे पूर्व विदर्भात आहेत.

गुरुजी : आमच्या गल्लीतलं एक घर सेवकांचं आहे. देवाची मूर्ती घरातून गेली, तशी बाटलीही गेली. त्या घरच्या नातवाला तुमच्या आवारातल्या मरियेच्या पुतळ्यापुढं उभं केलं, तर आजोबाला काय वाटेल? तो म्हणेल, आम्ही जे सोडलं तेच पोराला पुन्हा शिकवताय.

फादर : तो पुतळा पूजेसाठी नाही असं मी त्याला सांगेन. कॅथलिक धर्मशिकवण मूर्तीला देव मानत नाही. मूर्ती आठवण करून देते. पण आजोबांना हे पटणार नाही, कारण बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात. त्यामुळं त्या मुलाला तिथं उभं न करणं हाच मार्ग. 2024 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं आमच्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, सगळ्यांसाठी एक सामाईक प्रार्थनाकक्ष ठेवा, असं त्यात स्पष्ट आहे.

गुरुजी : 2024 मध्ये. संविधान 1950 चं.

फादर : उशीर झाला, हे मी नाकारत नाही.

उद्देशिका हा उपाय इथे खरोखर योग्य ठरतो. ती कोणत्याच देवाला साकडे घालत नाही आणि कोणालाच वगळत नाही. तीत श्रद्धा आणि उपासना यांच्या स्वातंत्र्याची ग्वाही आहे, म्हणून कॅथलिक शाळेलाही ती परकी नाही. याच ग्वाहीवर त्या शाळेचे अस्तित्व उभे आहे. बायबलचा उतारा आणि क्रुसाची खूण कॅथलिक मुलांच्या तासाला खुशाल व्हावी. सगळ्यांच्या रांगेत सगळ्यांचे तेच असावे.

प्रार्थनेचा वाद इथवर येतो. पण ज्या संताचे नाव शाळेला आहे, त्याची शिकवण प्रार्थनेपेक्षा वागणुकीवर जास्त बोलते. फ्रान्सिस डी सेल्स यांचा जन्म 1567 मध्ये सॅव्हॉयमध्ये झाला. 1602 मध्ये ते जिनीव्हाचे बिशप झाले; पण जिनीव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्याने त्यांना कारभार आन्सीतून करावा लागला. जबरदस्तीने माणूस वळत नाही, हा त्यांच्या धर्मकार्याचा पाया. ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या 1609 च्या ग्रंथात त्यांनी मठाबाहेरच्या माणसाला, म्हणजे शिपाई, कारागीर आणि संसारी स्त्रियांना, आपापल्या कामात राहून भक्ती साधता येते असे मांडले. संतवाङ्मय वाचलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. सावता माळ्याच्या मळ्यातही तेच घडले होते. पुढे इटलीत मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या जॉन बॉस्को यांनी 1859 मध्ये आपल्या संघाला याच संताचे नाव दिले आणि विवेक, धर्म व जिव्हाळा या तिन्हींवर उभी अशी शिस्तीची पद्धत सांगितली : मुलगा चुकल्यावर शिक्षा करण्याऐवजी, चुकणार नाही इतके त्याच्यासोबत राहायचे. मुंबईत माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा त्या परंपरेतली.

फादर : आमच्या श्रद्धेची परीक्षा इथं घ्या, गुरुजी. नापास झालेल्या मुलाशी शाळा कशी वागते, यावर. मैदानावर फुटबॉलच्या संघात मागे राहणाऱ्याला जागा मिळते का, यावर. बाप गेल्यावर फी थकलेल्या मुलाचं नाव कोणाला न कळता पुढं चालू राहतं का, यावर.

गुरुजी : आणि छडी? जुने विद्यार्थी भेटले की आधी छडीच्या गोष्टी सांगतात.

फादर : सांगतात, आणि हसून सांगतात, पण ते हसू मला बरं वाटत नाही. सौम्यपणासाठी ज्याची ख्याती, त्या संताच्या तसबिरीखाली मुलांच्या तळहातावर वळ उठावेत हे आमच्या अनेक शाळांत वर्षानुवर्षं घडलं. साहेबी काळातली शिस्त आम्ही धर्माची म्हणून चालवली.

गुरुजी : जिल्हा परिषदेच्या शाळेतही छडी होतीच. पण आमच्या भिंतीवर असा संत नव्हता.

फादर : म्हणून आमचा दोष मोठा.

धर्मगुरूने दिलेली ही कबुली महत्त्वाची आहे, कारण मिशनच्या शाळांचे समर्थक बहुधा शिस्तीचेच गोडवे गातात. चकचकीत बूट, नीट बांधलेला टाय, रांगेतली शांतता यांवर पालक भुलतात. यात धर्म फार थोडा आणि एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश सरावच जास्त आहे. कॅथलिक शिक्षणपरंपरेत याहून मोलाचे पुष्कळ आहे. जेझुइट धर्मसंघाने 1599 मध्ये सिद्ध केलेल्या अभ्यासयोजनेत वादविवाद, नाटक आणि उजळणी यांना ठरलेली जागा होती. 1973 मध्ये त्यांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलताना दुसऱ्यासाठी जगणारी माणसे घडवणे हे शिक्षणाचे ध्येय सांगितले आणि आजवरच्या आपल्या शाळांनी न्यायाचे शिक्षण दिले नाही, असेही त्यांना तोंडावर ऐकवले. पुण्याची सेंट व्हिन्सेंट आणि मुंबईची सेंट झेवियर या शाळा जेझुइटांच्याच. स्वतःच्या शाळेला असा प्रश्न विचारण्याचे धाडस ही या परंपरेची खरी मिळकत आहे.

आता धर्मांतराच्या संशयाचा मुद्दा. तो टाळून हा विषय पुरा होत नाही. 1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या सरकारने, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. सदस्यांत एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती गृहस्थही होते. 1956 मध्ये आलेल्या अहवालाने शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून होतो असा ठपका ठेवला आणि परकीय पैशावर व मिशनऱ्यांवर कडक नियंत्रणे सुचवली. चर्चने अहवाल एकांगी म्हणून फेटाळला. त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी एसएफएस महाविद्यालय सुरू झाले, आणि 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला. धर्म बदलणे, धर्म जपणे आणि शिकणे या तिन्ही गोष्टी एका शहरात एकाच वर्षी इतक्या जवळ येण्याचे उदाहरण विरळाच.

गुरुजी : माझे वडील नियोगींचा अहवाल वाचलेले. ते म्हणायचे, शाळा हे गळाला लावलेलं आमिष आहे.

फादर : दीडशे वर्षं आमिष लावलं तर मासे कुठं गेले? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, 0.96 टक्के. आमच्या शाळांतून न्यायाधीश, डॉक्टर, लष्करी अधिकारी बाहेर पडले ते आपापल्या धर्मात राहूनच.

गुरुजी : आकडा लहान आहे म्हणून हेतू नव्हता असं होत नाही, फादर. यश आलं नाही एवढंच ठरतं.

फादर : हे खरं. जुन्या मिशनऱ्याला मुलाचा बाप्तिस्मा व्हावा असं वाटायचं, आणि तो ते लपवतही नव्हता. पण 28 ऑक्टोबर 1965 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं एकाच दिवशी दोन घोषणापत्रं काढली. एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दल, दुसरं इतर धर्मांशी नात्याबद्दल. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं दुसऱ्यात आहे. त्याच वर्षी डिसेंबरात धर्मस्वातंत्र्याचंही घोषणापत्र आलं. त्यानंतर शाळेतून धर्मांतर साधणं हे आमच्याच शिकवणीविरुद्ध आहे. आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंच आहे की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या खटल्यात हरलेला पक्ष आमच्याच धर्मगुरूचा होता.

गुरुजी : तुमची शिकवण मी मानतो. तरी एक सांगतो. मौद्यात आता कोणी धर्मांतराच्या भीतीनं प्रवेश नाकारत नाही. भीती उलटी आहे, प्रवेश मिळणार नाही याची.

गुरुजींच्या या वाक्यावर वादाचे खरे केंद्र उघड होते. शहरातल्या नामांकित मिशन शाळेबद्दलची आजची तक्रार धर्माची थोडी आहे आणि भाषेची, पैशाची व प्रवेशाच्या दाराची जास्त. भाषेचे आधी. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीच्या थोरवीवर प्रेम करणाऱ्याने लिहिलेला आहे. 1903 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या मिशनमधून हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. वसईच्या कॅथलिक समाजाने मराठीला कवी, लेखक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा साहित्य संमेलनाध्यक्ष दिला. कॅथलिक धर्म आणि मराठी यांचे नाते असे चारशे वर्षांचे आहे. कामठीच्या छावणीत मात्र धागा वेगळा पडला. तिथला कळप तमिळ, तेलुगू आणि युरोपीय, पाद्री फ्रेंच बोलणारे, साहेब इंग्रज. सगळ्यांना समजणारी आणि नोकरी देणारी भाषा इंग्रजीच ठरली.

गुरुजी : साहेब गेले, इंग्रजी राहिली. मराठी बोललं म्हणून दंड करणाऱ्या इंग्रजी शाळा मी पाहिल्यात, मिशनच्याही आणि बिगर-मिशनच्याही. मौद्याचं पोरगं शाळेत गप्प, मैदानावर हिंदी, घरी आल्यावर आजीशी मराठीत अडखळतं.

फादर : 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ती शिकवली जाते.

गुरुजी : शिकवली जाते, पण मान कुठं मिळतो? स्नेहसंमेलनात एक मराठी नाटक होतं का? ग्रंथालयात ‘क्रिस्तपुराण’ आहे का? तुमचाच ग्रंथ आहे, फादर. मौद्याच्या पोराला शाळेत स्वतःच्या भाषेचा अभिमान वाटायला तुमच्याच कपाटात एवढं मोठं साधन पडलंय, अन् त्याला कुणी हात लावत नाही.

फादर : बऱ्याच फादरांनीही ते वाचलेलं नसतं. आम्ही केरळचे, मंगळूरचे, झारखंडचे असतो. मराठी सेमिनरीनंतर शिकतो. हे बदललं पाहिजे, यात दुमत नाही.

मुलगे आणि मुली वेगळे ठेवण्याच्या प्रथेवर दोघांचे फारसे भांडण होत नाही. मुलींसाठी सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आणि मुलग्यांसाठी ही शाळा, अशी वाटणी धर्मसंघांच्या रचनेतून आली. पुरुषांचे संघ मुलग्यांना शिकवत आणि भगिनींचे संघ मुलींना. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलगे-मुलींना एकाच वर्गात शिकवलेल्या गुरुजींना ती कालबाह्य वाटते. अनेक कॅथलिक शाळांनी मुलींना दारे उघडली आहेत, आणि फादरही प्रथेचा आग्रह धरत नाहीत.

दाराचा प्रश्न सर्वांत अवघड. संविधानाच्या 30 व्या अनुच्छेदाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. 2002 मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तो हक्क पुन्हा मान्य केला आणि अशा संस्थेने इतरांना प्रवेश दिल्याने तिचे अल्पसंख्याक स्वरूप जात नाही असेही म्हटले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गातल्या किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. 2014 मध्ये प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले.

गुरुजी : म्हणजे बाजूच्या शाळेत मजुराचं पोर कायद्यानं जातं आणि तुमच्याकडं कायद्यानंच अडतं. वर्गात ख्रिस्ती मुलं मूठभर, पण शाळा अल्पसंख्याकांची. उरलेल्या जागा कोणाला? ज्याच्याकडे गाडी आहे त्याला.

फादर : तो हक्क काढला तर उद्या कुठलंही सरकार मुख्याध्यापक कोण, अभ्यास कोणता, हे ठरवेल. नियोगी समितीच्या सूचना तुमच्या वडिलांना आवडल्या, पण त्या अमलात आल्या असत्या तर ही शाळा बंद झाली असती. शंभरात एक असलेल्या समाजाला ढाल लागते.

गुरुजी : ढालीला माझी ना नाही. ढालीआड गरीब मुलगा यावा, एवढंच म्हणणं आहे.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरी गुरुजींचे पारडे जड आहे. कारण 2007 मध्ये ठरलेल्या कॅथलिक समाजाच्या अखिल भारतीय शिक्षणधोरणानेच गरीब, दलित आणि आदिवासी मुलांना प्राधान्य द्यायला सांगितले आहे. कायद्याने सूट दिली म्हणून धर्माने घातलेले बंधन सुटत नाही. कायद्याची बाजूही अजून हलती आहे. सप्टेंबर 2025 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या संदर्भात महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले.

फादर : न्यायालयाची वाट पाहू नये, हे मी मान्य करतो. आमच्या शाळांनी आपणहून जागा ठेवाव्यात आणि त्यांचा हिशेब पालकांपुढे मांडावा. पण गुरुजी, फुकट जागा दिली की काम झालं असं नाही. मौद्याच्या मजुराचा मुलगा आला तर व्हॅनचे पैसे कोण देईल? इंग्रजीतला गृहपाठ घरी कोण पाहील? तिसरीपर्यंत तो मागं पडेल आणि मग तो स्वतःच शाळा सोडेल.

गुरुजी : म्हणून जागेसोबत तीन गोष्टी लागतात : प्रवासाचा खर्च, पुस्तकं, आणि शाळा सुटल्यावर तासभर मराठीतून समजावणारा शिक्षक. पहिल्या दोन तुमचे माजी विद्यार्थी देतील. तिसरी आमच्यासारखे निवृत्त मास्तर देतील, पगार न घेता, मौद्यातच, जिल्हा परिषदेच्या खोलीत संध्याकाळी.

फादर : आणि पूर्वी मिशनचं बोर्डिंग असायचं. खेड्यातली कॅथलिक मुलं तिथं राहून शिकत. ते इतर धर्मांच्या मुलांसाठी उघडलं तर प्रवासच वाचेल.

गुरुजी : वाचेल, पण आठ वर्षांचं पोरगं आईपासून तोडू नका. बोर्डिंग आठवीपासून. तोवर व्हॅन. आणि बोर्डिंगमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेची पालकाची संमती वेगळ्या कागदावर घ्या, मराठीत छापलेल्या, ‘नाही’ची चौकट ‘हो’च्या चौकटीएवढीच मोठी ठेवून.

फादर : तसा कागद करायला काही अडचण नाही. तो पहिलीच्या प्रवेशाच्या अर्जालाही जोडता येईल.